कशेळीतलं ठिपक्यांचं वर्ष

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिवंडीजवळच्या कशेळीच्या आमच्या वर्गात स्केचपेन म्हणजे आधी कड काढायची आणि मग आतलं घासून भरायचं. वार्षिक परीक्षेपर्यंत हीच मुलं नुसत्या ठिपक्यांतून आंबा पिकवू लागली.

पावसाळा सवयी लावण्यात गेला. पेन उभं धरायचं, टेकवायचं, उचलायचं. दाबलं की टोक बसतं. वहीच्या पानावर शाई फुटते, म्हणून ड्रॉइंग पेपर. पिवळा आधी, गडद रंग मागून, नाहीतर पिवळ्याचं टोक मळतं ते कायमचं.

दिवाळीच्या आधी गाडी हिरव्यावर अडली. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे सगळ्यांना पाठ. त्या भरवशावर पानं काढली, तर लांबून ती राखट दिसली. एका मुलीने कागद डोळ्यांजवळ नेला. "सर, ठिपक्यावर ठिपका चढलाय तिथंच हिरवं झालंय." अगदी बरोबर. ही शाई पारदर्शक असते. एकावर एक थर आला की दोन्ही थर आपापला प्रकाश शोषतात आणि हिरवा उरतो. शेजारी-शेजारी असलेल्या ठिपक्यांची मात्र डोळ्यात बेरीज होते, आणि निळ्या-पिवळ्याची बेरीज करड्याकडे झुकते. मग पानं हिरव्याच ठिपक्यांची केली; उन्हाकडे पिवळे मिसळले, सावलीत निळे. एवढं एक निरीक्षण वर्षभराच्या शिकवण्याला पुरेसं होतं, असं मला मनापासून वाटतं.

अंतराचाही हिशेब निघाला. एक मिलिमीटरचे ठिपके एकजीव दिसायला साधारण साडेतीन मीटर लांब जावं लागतं. स्केचपेनचा ठिपका याहून मोठा, त्यामुळे वर्ग अपुरा पडला आणि चित्रं व्हरांड्याच्या टोकाला लागली. तीही सावलीत, कारण ही शाई उन्हात उडते. ठिपक्यांनी रंगवणारा चित्रकार जॉर्ज सरा याच्या १८८४ ते १८८६ मधल्या 'ग्रांद जात्त' चित्रातला एक पिवळाही काही वर्षांतच काळवंडला होता.

सराची गोष्ट सांगताना मी सुरुवात विणकामाच्या मागापासून केली. मिशेल शेव्हरूल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार होती. रंगाईत खोट नव्हती. शेजारचे धागे काळ्याला फिकं पाडत होते. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ मध्ये आलं आणि पुढे सरासारख्या चित्रकारांनी ते अभ्यासलं. ही विद्या कापडातून कॅनव्हासवर गेली, हे भिवंडीच्या मुलांना कळायलाच हवं होतं.

वर्षअखेर पालक आले. यंत्रमागावर काम करणारे एक वडील चित्रासमोर बराच वेळ थांबले. "ताणा लाल, बाणा निळा घातला की कापड जांभळं निघतं. तेच की हे!" पैठणीतली धूपछाँव असते तीही याच न्यायाने. येत्या जूनमध्ये चौकटीच्या कागदावर उभे लाल आणि आडवे निळे ठिपके द्यायचे ठरलं आहे, आणि पहिला तास त्या वडिलांनी घ्यायचं कबूल केलं आहे.