शेजारच्या बाईंचा तपास

सेंट मेरी मीड हे एक इंग्लिश खेडं. तिथल्या पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरो टेबलावर कोसळलेले सापडतात, डोक्यात गोळी घातलेली. टेबलावरचं घड्याळ उलटून ६ वाजून २२ मिनिटांवर बंद पडलेलं. निरीक्षक स्लॅक ती वेळ टिपून मोकळा होतो. हे घड्याळ आपण मुद्दामच पाव तास पुढे ठेवतो, असं पाद्रीबुवा सांगू पाहतात, पण स्लॅकला ऐकून घ्यायला सवड नसते.

शेजारच्या घरातल्या वयस्कर, अविवाहित बाईंना मात्र भरपूर सवड असते. त्या बाई म्हणजे मिस जेन मार्पल. ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ ही अगाथा ख्रिस्तीची १९३० सालची कादंबरी. मिस मार्पल त्याआधी १९२७मध्ये एका लघुकथेतून वाचकांना भेटल्या होत्या. कादंबरीत त्या आल्या त्या इथेच. पुढे त्यांच्या नावावर एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस कथा जमा झाल्या.

या बाईंकडे पोलिसी अधिकार नाहीत, प्रयोगशाळा नाही, हाताखाली माणसं नाहीत. बाग आहे, पक्षी पाहण्याची दुर्बीण आहे आणि आयुष्यभर जवळून न्याहाळलेलं गाव आहे. दुर्बीण पक्ष्यांसाठी असली, तरी पाद्रीबुवांच्या फाटकातून कोण आलं, कोण गेलं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एखाद्या संशयिताकडे पाहताना त्यांना गावातला कोणीतरी आठवतो: थापा मारणारा पोरगा, हिशेबात हात मारणारा नोकर. माणसाचा स्वभाव लंडनमध्ये एक आणि खेड्यात दुसरा असत नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. हौशी गुप्तहेराच्या कादंबरीची खरी गोडी इथेच आहे. बाईंचं सगळं भांडवल वाचकाकडेही असतं. फरक पडतो तो ते वेळेवर वापरण्यात.

ख्रिस्तीला ही व्यक्तिरेखा घरच्याच वर्तुळातून सापडली. लंडनजवळच्या ईलिंगला राहणाऱ्या आजीच्या मैत्रिणी तिने लहानपणी पाहिल्या होत्या. मिस मार्पलमध्ये त्यांचा अंश आहे, असं तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे. कोणाबद्दलही वाईटच अंदाज बांधायचा आणि तो बहुतेक वेळा खरा ठरायचा, ही आजीची खासियतही बाईंकडे आली. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मधली डॉक्टरांची चौकस बहीण कॅरोलाइन तर त्यांची थोरली बहीणच शोभावी.

पहिल्या कथेत मंगळवारी संध्याकाळी मिस मार्पलच्या घरी मंडळी जमतात. त्यात स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त आहेत, वकील आहेत, धर्मगुरू आहेत आणि बाईंचा लेखक भाचा रेमंड वेस्टही आहे. विषप्रयोगाच्या एका कोड्यावर प्रत्येक जण डोकं चालवतो. उत्तर मिळतं ते कोपऱ्यात विणत बसलेल्या बाईंकडून, तेही स्वयंपाकघरातल्या माहितीच्या जोरावर. १९४२च्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’मध्ये पोलिस मृत मुलीची ओळख पटवण्यात गुंतलेले असताना मिस मार्पल तिची कुरतडलेली नखं आणि अंगावरचा जुना झगा पाहतात. बायकांचं म्हणून ज्या ज्ञानाला एरवी कोणी मोजत नाही, त्याला ख्रिस्तीने पुराव्याचा मान दिला. या कादंबऱ्या आजही ताज्या वाटतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

तो काळच डाव सचोटीने खेळण्याचा होता. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, भुताखेतांचा आधार नको, गुप्तहेराला मिळालेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, असे ते नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. नॉक्स आणि ख्रिस्ती दोघंही त्याचे सदस्य होते.

म्हणूनच ही पुस्तकं दोनदा वाचावीत. पहिल्या वाचनात खुनी कोण, ही हुरहूर पानं उलटायला लावते. दुसऱ्या वेळी दिसते ती कारागिरी: महत्त्वाचं वाक्य दोन फुटकळ गप्पांच्या मधे कसं ठेवलं आहे, खरं बोलणाऱ्या माणसाचं बोलणं इतरांनी कसं तोडलं आहे. पाद्रीबुवांच्या घड्याळाचा प्रसंग पुन्हा वाचताना तर स्लॅकची घाई आता आपल्यालाही छळते.

रहस्याच्या जोडीला बदलत्या इंग्लंडचा इतिहासही हाती लागतो. १९५०च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये महायुद्धानंतरचं शिधावाटप आहे आणि शेजारी राहायला आलेला माणूस नक्की कोण, हे सांगू शकणारं कोणी उरलेलं नाही. १९६२च्या ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’मध्ये सेंट मेरी मीडच्या वेशीवर नवी वसाहत उभी राहिली आहे. याच कादंबरीवरून ऋतुपर्ण घोष यांनी २००३मध्ये ‘शुभ महरत’ हा बंगाली चित्रपट केला. त्यात मिस मार्पलची रांगापिशिमा, म्हणजे आत्या, झाली आणि त्या भूमिकेसाठी राखी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठीत नाटककार-अभिनेते मधुकर तोरडमल यांनी ख्रिस्तीच्या अनेक कादंबऱ्या आणल्या. पडद्यावर मिस मार्पल पाहायच्या, तर बीबीसीच्या मालिकेतल्या जोन हिक्सनच. १९८४ ते १९९२ या काळात त्यांनी बाराही कादंबऱ्यांमधली मिस मार्पल साकारली. पण आधी पुस्तक वाचावं, आणि शेवटची तीन प्रकरणं उरली की थांबून आपला संशयित कागदावर लिहून ठेवावा.