मुरमावरची घसरगुंडी

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात, लिऑन शहराजवळ, सेरो नेग्रो नावाचा ज्वालामुखी आहे. नावाचा अर्थ काळा डोंगर. १८५० साली तो जमिनीतून वर आला. तेव्हापासून वीसहून अधिक वेळा त्याचा उद्रेक झाला, शेवटचा १९९९ साली. समुद्रसपाटीपासून उंची फक्त ७२८ मीटर. पण जगभरातले पर्यटक तिथे एका वेगळ्याच कामासाठी जातात. पाठीवर लाकडी फळी घेऊन तासभर चढायचं, माथ्यावर फळीवर बसायचं आणि काळ्या खडीच्या उतारावरून थेट खाली घसरत यायचं. याला व्होल्कॅनो बोर्डिंग म्हणतात.

मोबाइलवर या घसरगुंडीचे व्हिडिओ पाहून तरुण मुलं डॉक्टरांना विचारतात, "सर, यात कितपत धोका आहे?" प्रश्न चांगला आहे. उत्तर देताना मात्र सेरो नेग्रोइतकंच बीड जिल्ह्याबद्दलही बोलावं लागतं.

दगड एकाच जातीचा

सेरो नेग्रोची खडी बेसाल्ट लाव्हाची आहे. आपला बालाघाटही बेसाल्टचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. म्हणून आपले डोंगर शंकूसारखे नाहीत, तर सपाट माथ्याचे आणि पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. हाच खडक ऊन, पाऊस आणि हवेने कुजला की त्याचा मुरूम होतो. शेतरस्त्यावर, घराच्या भरावात, डांबरी सडकेच्या कडेला आपण टाकतो तोच. म्हणजे ज्या दगडावर घसरायला लोक पैसे मोजून जातात, त्याच जातीच्या दगडाच्या बारीक खड्यांवरून आपल्याकडे रोज दुचाकी घसरतात. धारूरचा घाट असो की मांजरसुंब्याचा, वळणावर मुरूम पसरलेला असला की पुढचं चाक सरकतं. रस्ता आणि चाक यांच्या मध्ये गोटीसारखे खडे आले की टायरची पकड जाते.

फरक तयारीचा आहे. सेरो नेग्रोवर घसरणाऱ्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा जाड पोशाख असतो, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, पायात बूट. दोन्ही पाय टेकवून वेग कसा कमी करायचा हे वाटाड्या आधी शिकवतो. आपला दुचाकीस्वार मात्र चप्पल घालून, हेल्मेट हँडलला अडकवून, मागे दोघांना बसवून निघालेला असतो. याला कोणी साहस म्हणत नाही, पण अपघात विभागात रोज येतो तो हाच.

वेगाचं गणित

वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी २० किलोमीटरचे ६० झाले तर ती नऊपट होते. फ्रान्सचा सायकलपटू एरिक बारोन याने २००२ साली सेरो नेग्रोच्या उतारावरून सायकल सोडली. ताशी १७२ किलोमीटरचा वेग गाठला आणि सायकल मोडली. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर खास पोशाख होता. त्या वेगाला उघड्या डोक्याने पडलेल्या माणसासाठी डॉक्टरच्या हातात फारसं काही उरलं नसतं.

खरचटलं आहे, म्हणून सोडू नका

अशा घसरण्यात सर्वांत जास्त आढळणारी इजा म्हणजे खरचटणं. शब्द साधा आहे, पण तळहाताएवढी कातडी सोलली गेली तर तिची वेदना भाजल्यासारखी असते. शिवाय त्या जखमेत खडीचे बारीक कण रुततात. ते पहिल्या दिवशीच काढले नाहीत तर वरून कातडी भरून येते आणि कण आतच राहतात. जखम बरी होते, पण निळसर-काळा डाग गोंदणासारखा जन्मभर राहतो. पुढे तो काढायला लेझर किंवा शस्त्रक्रिया लागते. पहिल्या दिवशी हेच काम स्वच्छ पाण्यात होतं.

म्हणून पहिलं औषध पाणी. पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याची धार जखमेवर पाच-दहा मिनिटं धरा. भोवतालची कातडी साबणाने धुवा. वर दिसणारे खडे ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच काढा. खोल रुतलेले घरी उकरू नका. ते काढण्यासाठी दवाखान्यात जागा बधिर करावी लागते. हळद, चहापूड, चुना, मिश्री यातलं काहीही भरू नका. या वस्तू जखमेत घाण घालतात, आणि आत काय आहे ते डॉक्टरला दिसूही देत नाहीत.

"उघडी ठेवा, खपली धरू द्या" हा सल्लाही आता जुना झाला. स्वच्छ, न चिकटणाऱ्या पट्टीखाली किंचित ओलसर राहिलेली जखम लवकर भरते.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. जखम मातीची असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर टीडीची लस घ्यावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. लहानपणी लस झालीच नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, कारण अशा वेळी लशीसोबत आणखी एक इंजेक्शन लागू शकतं. मात्र इंजेक्शन घेतलं म्हणजे जखम धुवायला नको, असं नाही.

मनगट आणि मणका

पडताना माणूस हात पुढे टाकतो. सगळा भार मनगटावर येतो. अंगठ्याच्या बुडाशी जी खळगी दिसते, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर "मुका मार आहे" म्हणून सोडू नका. त्या जागच्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. मनगट बांधून ठेवून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. दुर्लक्ष झालं तर हाड जुळत नाही आणि हाताचा जोर कायमचा कमी होतो.

फळीवर बसून घसरताना प्रत्येक गचका कमरेतून थेट मणक्यात जातो. विशीतला मणका तो सोसतो. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी बंद झालेल्या स्त्रियांत, हाडं विरळ झालेली असतात. एका दणक्याने मणका चेपू शकतो. ज्यांना हाडांचा ठिसूळपणा, कंबरेचा जुना त्रास किंवा दमा आहे, जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी अशी घसरगुंडी खालून बघावी.

पडलेल्याच्या मानेत किंवा पाठीत कळ येत असेल, पाय बधिर वाटत असतील, तर त्याला उठवून बसवू नका आणि पाणी पाजण्याची घाईही करू नका. डोकं-मान सरळ रेषेत धरून १०८ला फोन करा. चौघांनी हातपाय धरून जीपमध्ये टाकलं तर माणूस वाचूनही आयुष्यभरासाठी लुळा होऊ शकतो.

डोळ्यात राख किंवा मुरमाची धूळ गेली तर चोळू नका. ज्वालामुखीच्या राखेत काचेचे कण असतात, चोळल्याने बुबुळाला ओरखडे पडतात. स्वच्छ पाण्याने धुवा.

डोंगराचाही मूड असतो

खेळाचा धोका वेगळा आणि ज्वालामुखीचा वेगळा. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी अचानक उद्रेक झाला, तेव्हा तिथे ४७ जण होते. त्यातले २२ दगावले. ते नुसते फिरायला गेले होते. आपल्या देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे. मराठी गिर्यारोहक ज्या किलिमांजारोवर जातात, तोही ज्वालामुखीच, उंची ५८९५ मीटर. तिथून उतरताना भुसभुशीत खडीवरून घसरत येण्याचा मोह होतो. विरळ हवेने थकलेल्या माणसाचे गुडघे आणि घोटे तिथेच दगा देतात.

जाणाऱ्यांनी निघण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, त्या ज्वालामुखीबद्दल तिथल्या सरकारी यंत्रणेचा इशारा. दोन, प्रवास विमा. अनेक साध्या पॉलिसींत साहसी खेळांतल्या इजा धरत नाहीत, बारीक अक्षर वाचा. तीन, आयोजकाची नोंदणी. महाराष्ट्रात २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक आहे. ती विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि जे कुठेच जाणार नाहीत त्यांच्यासाठी. पावसाळ्यात सौताड्याला किंवा कपिलधारला धबधबा पाहायला जाल तेव्हा ओल्या बेसाल्टवर शेवाळाचा थर असतो. त्यावर चप्पल टिकत नाही. बूट घाला आणि फोटोसाठी कडेला सरकू नका. दुचाकी काढाल तेव्हा हेल्मेट डोक्यावर ठेवा आणि पट्टा आवळा. मुरूम पसरलेल्या वळणावर वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की गाडी घसरते.