पत नसलेल्या चार हजार जणींची बँक

१९७०च्या दशकात अहमदाबादच्या भाजीवालीचा व्यवहार ठरलेला असे. सकाळी सावकाराकडून ५० रुपये उचलायचे, संध्याकाळी ५५ परत करायचे. दिवसाला १० टक्के! हे व्याज वर्षानुवर्षं चुकवणाऱ्या बाईची बँकांच्या लेखी पत मात्र शून्य.

१९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गरिबांना कर्ज द्या, असं वरून सांगितलं गेलं. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं सभासद बायकांचे अर्ज सरकारी बँकांत नेऊनही पाहिले. पण बँकेची वेळ तीच धंद्याची वेळ. त्यात कडेवर पोर, अंगावर कामाचे कपडे, सही येत नाही. काउंटरवरचा बाबू वैतागायचा. मग आपलीच बँक का नको, हा प्रश्न सभासदांमधूनच आला. ४,००० जणींनी दहा-दहा रुपये काढले आणि १९७४ साली श्री महिला सेवा सहकारी बँक उभी राहिली. निरक्षर बायकांची बँक नोंदवायची कशी, हा सरकारी पेच होता. प्रवर्तक बायकांनी रात्रभर जागून सही गिरवली.

खातेदारणींसाठी तोडगा आणखी सोपा निघाला. हातात पाटी, पाटीवर खातेक्रमांक, तसाच काढलेला फोटो. ओळख पटायला तेवढं पुरे. केवायसीच्या कागदांनी जेरीस आलेल्यांना हेवा वाटावा असा.

मला इथलं कर्ज दुय्यम वाटतं. खरी करामत बचतीची. आपल्याकडे पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतो, तशा इथल्या ‘बँक साथी’ वस्तीत फिरतात. नवऱ्याचा किंवा सणावाराचा हात पडण्याआधी पैसा खात्यात जातो, आणि नियमित बचत हीच पुढं कर्जासाठीची शिफारस ठरते. कर्ज लागतं गहाण दागिना सोडवायला, शिलाई मशीनला, गळक्या छपराला. छपराचा खर्च ही चैन नव्हे. गिरणीच्या चिंध्या जोडून घरी खोळी शिवणारीचा कारखाना त्याच छपराखाली. पाणी आत आलं की माल भिजला, मजुरी बुडाली. पुढं १९८०च्या दशकात गिरण्याच बंद पडत गेल्या, पुरुष घरी बसले आणि कित्येक घरं बायकांच्या अशा कामावर तगली.

बँक भांडवल देते, फूटपाथवरची जागा देऊ शकत नाही. कर्जाऊ घेतलेली हातगाडी पालिकेनं उचलली, तर हप्ता फेडायचा कुठून? अहमदाबादच्या माणेक चौकातल्या भाजीवाल्या बायकांच्या जागेसाठी ‘सेवा’ला थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.