उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन

उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन म्हणजे परीक्षार्थींची उत्तरे तपासणे, त्यांना गुण देणे आणि त्या गुणांची बेरीज व नोंद करणे ही कामे पूर्णतः किंवा अंशतः यंत्राकडून करून घेण्याची पद्धत होय. या पद्धतीचे तीन मुख्य प्रकार आहेत : बहुपर्यायी उत्तरांची यांत्रिक तपासणी, शिक्षकाने संगणकाच्या पडद्यावर केलेली तपासणी आणि लिखित उत्तरांचे स्वयंचलित गुणदान. शिक्षकांचा वेळ वाचावा, निकाल लवकर लागावा आणि बेरजेच्या चुका टळाव्यात, हे तिन्ही प्रकारांमागील समान उद्देश आहेत. महाराष्ट्रात पहिले दोन प्रकार वापरात आले आहेत. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पडद्यावरील तपासणीचा केलेला व्यापक वापर हे राज्यातील या विषयाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

लेखी परीक्षेच्या तपासणीत अनेक स्वतंत्र कामे अंतर्भूत असतात. उत्तर वाचणे, आदर्श उत्तराशी ताडून गुण ठरवणे, प्रश्ननिहाय गुण मुखपृष्ठावर उतरवणे, बेरीज करणे, गुणतक्त्यात नोंद करणे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नियामकाकडे पोहोचवणे, असा हा क्रम असतो. यांपैकी पहिल्या दोन कामांस विषयाचे ज्ञान लागते. उर्वरित कामे कारकुनी स्वरूपाची असतात. संगणकीय मूल्यांकनाचा कोणता प्रकार शिक्षकाचा किती वेळ वाचवतो, हे तो यांपैकी कोणते काम स्वतःकडे घेतो यावर अवलंबून असते.

इतिहास

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पुढे आली. मिशिगन राज्यातील रेनॉल्ड जॉन्सन या शाळाशिक्षकाने पेन्सिलीच्या खुणा ओळखणारे यंत्र तयार केले. पेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते, या गुणधर्मावर ते आधारलेले होते. आयबीएम कंपनीने त्याच्या संशोधनाच्या आधारे १९३८ मध्ये ‘आयबीएम ८०५’ हे यंत्र बाजारात आणले. पुढे विजेऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने खुणा वाचणारी यंत्रे विकसित झाली. त्यांतूनच आजची ओएमआर पद्धत रूढ झाली.

निबंधास यंत्राने गुण देण्याचा प्रारंभीचा महत्त्वाचा प्रयत्न एलिस पेज या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात केला. त्याची प्रणाली निबंधाचा अर्थ जाणून घेत नसे. निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, विरामचिन्हांचा वापर अशी मोजता येणारी लक्षणे आणि मानवी परीक्षकांनी दिलेले गुण यांतील संबंध शोधून ती गुणांचा अंदाज बांधत असे. १९९९ पासून ‘जीमॅट’ या प्रवेश परीक्षेतील निबंधांसाठी मानवी परीक्षकाच्या जोडीला ‘ई-रेटर’ ही संगणक प्रणाली वापरली जाऊ लागली.

प्रकार व कार्यपद्धती

ओएमआर आणि संगणकाधारित परीक्षा : ओएमआर पद्धतीत परीक्षार्थी छापील उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ भरतो. यंत्र त्या जागेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण मोजून कोणता पर्याय निवडला आहे हे ठरवते आणि उत्तरसूचीशी ताडते. संगणकाधारित परीक्षेत उत्तर थेट संगणकावरच नोंदले जात असल्याने कागद वाचण्याची पायरीही उरत नाही. या प्रकारात तपासणीचे जवळजवळ संपूर्ण काम यंत्र करते. मात्र निर्विवाद उत्तर असलेले प्रश्न तयार करण्याचे काम वाढते. उत्तरसूचीतील एक चूक सर्वच परीक्षार्थींच्या गुणांवर परिणाम करते. त्यामुळे अनेक परीक्षांमध्ये अंतिम निकालापूर्वी तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातात.

पडद्यावरील तपासणी : या पद्धतीत हस्तलिखित उत्तरपत्रिकेचे प्रत्येक पान स्कॅन केले जाते. परीक्षार्थीची ओळख झाकून उत्तरपत्रिकेस बारकोड दिला जातो. परीक्षक आपले खाते उघडून पडद्यावर उत्तर वाचतो व प्रश्नासमोर गुण नोंदवतो. बेरीज, गुणतक्ता आणि नियामकाकडे पाठवणी ही कामे प्रणाली करते. उत्तर मात्र माणूसच वाचतो. म्हणून या पद्धतीस स्वयंचलित तपासणी म्हणणे अचूक ठरत नाही. तीत कारकुनी कामाचा वेळ वाचतो, वाचनाचा नाही.

लिखित उत्तरांचे स्वयंचलित गुणदान : येथे संगणक प्रणाली उत्तराचा मजकूर वाचून स्वतः गुण देते. त्यासाठी मानवी परीक्षकांनी आधी तपासलेल्या उत्तरांचा मोठा संग्रह लागतो. अलीकडे मोठ्या भाषिक प्रारूपांचाही यासाठी वापर होऊ लागला आहे.

महाराष्ट्रातील वापर

शालेय स्तर

महाराष्ट्रातील एकाच विद्यार्थ्यास शिक्षणाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर या निरनिराळ्या पद्धतींना सामोरे जावे लागते. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव येथील विद्यार्थी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेस बसला, तर त्याची बहुपर्यायी उत्तरे यंत्र तपासते. तोच विद्यार्थी दहावीची परीक्षा राज्य मंडळाच्या अमरावती विभागीय मंडळाच्या कक्षेत देतो. त्या परीक्षेतील दीर्घ उत्तरांच्या तपासणीची परंपरा परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशा शिक्षकांच्या साखळीवर उभी आहे. बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी तो एमएचटी-सीईटी देतो. ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाते.

वर्गपातळीवरील मूल्यमापनात तपासणी आणि नोंद यांतील फरक अधिक स्पष्ट दिसतो. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यानुसार वर्षभर आकारिक आणि सत्राअखेर संकलित मूल्यमापन करून त्यांच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी शिक्षकांवर आली. २०२३-२४ पासून ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या असे त्यांचे स्वरूप आहे. या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका शिक्षक हाताने तपासतात. त्यानंतर गुण विद्या समीक्षा केंद्राच्या संगणकीय प्रणालीत भरले जातात. विश्लेषण यंत्र करते. परंतु तपासणी आणि नोंद ही दोन्ही कामे शिक्षकाकडेच राहतात. येथे संगणकामुळे प्रशासनास माहिती लवकर मिळते, शिक्षकाचा वेळ मात्र वाचेलच असे नाही.

मुंबई विद्यापीठ, २०१७

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी सत्र परीक्षांपासून सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांच्या कार्यकाळात हा निर्णय झाला. बंगळुरूस्थित मेरिटट्रॅक या कंपनीकडे तांत्रिक काम सोपवण्यात आले. ४७७ परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून तपासावयाच्या होत्या. परीक्षा आणि निर्णय यांत अल्प अंतर असल्याने एखाद्या विद्याशाखेत प्रायोगिक वापर करून टप्प्याटप्प्याने विस्तार करण्यास अवधी मिळाला नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल शक्यतो ३० दिवसांत व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावणे अपेक्षित आहे. ही मुदत मोठ्या प्रमाणावर ओलांडली गेली. स्कॅनिंगमधील विलंब, प्रणालीतील अडथळे, शिक्षकांचे अपुरे प्रशिक्षण आणि मुख्य उत्तरपत्रिका व पुरवण्या यांची फारकत, अशा अडचणी समोर आल्या. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलै २०१७ पर्यंत सर्व निकाल जाहीर करण्याचे निर्देश दिले; परंतु ती मुदतही पाळली गेली नाही. तपासणीस वेग यावा म्हणून जुलैमध्ये महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस स्थगित करण्यात आले आणि राज्यातील इतर विद्यापीठांतील शिक्षकांचीही मदत घेण्यात आली. शिक्षकांचा वेळ वाचवण्यासाठी स्वीकारलेल्या पद्धतीमुळे अध्यापनाचाच वेळ खर्ची पडला.

निकालांअभावी अनेक विद्यार्थ्यांचे पदव्युत्तर, विधी व परदेशी विद्यापीठांतील प्रवेश अडचणीत आले. उशिराने जाहीर झालेल्या निकालांनंतर पुनर्मूल्यांकनासाठीही मोठ्या संख्येने अर्ज आले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी देशमुख यांना कुलगुरुपदावरून दूर केले. पडद्यावरील तपासणीची पद्धत मात्र विद्यापीठाने बंद केली नाही. पुढील परीक्षांसाठी पुरवण्या देणे थांबवण्यासारखे बदल करून ती चालू ठेवण्यात आली.

लाभ

पडद्यावरील तपासणीत बेरजेच्या आणि न तपासलेल्या उत्तराच्या चुका टाळता येतात, कारण सर्व प्रश्नांसमोर नोंद झाल्याखेरीज उत्तरपत्रिका पूर्ण होऊ न देण्याची सोय प्रणालीत करता येते. उत्तरपत्रिकांची वाहतूक कमी होते. एखादा परीक्षक फार सैल किंवा फार कडक गुण देत असल्यास ते नियामकास तपासणी चालू असतानाच कळू शकते. विद्यार्थ्यास उत्तरपत्रिकेची प्रत देणेही सुलभ होते. वर्गातील लहान चाचण्यांसाठी बहुपर्यायी प्रश्नांची संगणकीय साधने उपयुक्त ठरतात, कारण बहुसंख्य विद्यार्थ्यांचा कोणता प्रश्न चुकला हे शिक्षकास त्याच दिवशी समजते.

मर्यादा व टीका

स्वयंचलित गुणदानावरील मुख्य आक्षेप असा, की यंत्र उत्तराच्या बाह्य लक्षणांना गुण देते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील लेखनाचे माजी अध्यापक लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह अर्थहीन निबंध रचणारी संगणक प्रणाली तयार केली. तिने रचलेल्या निबंधांना स्वयंचलित गुणदान प्रणालींनी चांगले गुण दिल्याचे त्यांनी दाखवून दिले.

मराठी उत्तरांच्या बाबतीत आणखी अडचणी येतात. हस्तलिखित देवनागरीत जोडाक्षरे, शिरोरेषा आणि अक्षरांच्या वर, खाली व बाजूस येणाऱ्या मात्रा यांमुळे अक्षरे अलग करणे यंत्रास कठीण जाते. ऱ्हस्व-दीर्घातील चूक विद्यार्थ्याची की यंत्राच्या वाचनाची, हे ठरवणेही सोपे नसते. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत स्वमत, रसग्रहण आणि उपयोजित लेखन यांचा समावेश असतो. अशा कृतींना एकच ठरावीक उत्तर नसल्याने तेथे आदर्श उत्तराशी शब्दशः तुलना करणे गैरलागू ठरते. प्रमाण भाषेतील उत्तरांवर घडवलेली प्रणाली वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाच्या लेखनास कमी गुण देण्याचा संभव असतो.

या कारणांमुळे महत्त्वाच्या परीक्षांमध्ये मानवी फेरतपासणीची तरतूद आवश्यक मानली जाते. अमेरिकेतील टेक्सास राज्याने शालेय परीक्षेतील लिखित उत्तरांसाठी २०२३ पासून स्वयंचलित गुणदान सुरू केले, तेव्हाही सुमारे एक चतुर्थांश उत्तरे मानवी परीक्षकांकडे पाठवण्याची व्यवस्था ठेवण्यात आली.

हे सुद्धा पहा

मुंबई विद्यापीठ
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन
कृत्रिम बुद्धिमत्ता