दम्याचा पंप : आराम आणि उपचार

दम्याचा जोर वाढलेला रुग्ण पंप तोंडाला लावून औषध ओढून घेतो आणि काही मिनिटांतच त्याचा कोंडलेला श्वास मोकळा होतो. हा अनुभव इतका दिलासा देणारा असतो की, दमा आटोक्यात आला असेच रुग्णाला व त्याच्या घरच्यांना वाटू लागते. हा समज किती फसवा आहे, हे त्या औषधाचे कार्य नेमके कोठे चालते ते पाहिल्यावर ध्यानात येते.

या पंपांतील सर्वपरिचित औषध म्हणजे सालब्युटामॉल. इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले व १९६९ मध्ये ते वापरात आले. ॲड्रिनॅलीन या संप्रेरकाला दाद देणारे पेशींवरील ग्राही आल्फा व बीटा असे दोन प्रकारचे असतात, हा विचार अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडला होता. पुढे बीटाचेही पोटभेद स्पष्ट झाले. हृदयात प्रामुख्याने पहिला, तर श्वासनलिकांच्या स्नायूंत दुसरा. सालब्युटामॉलचा रोख मुख्यतः या दुसऱ्यावर असतो.

हा ग्राही म्हणजे सात पीळदार खंडांनी पेशीपटल आरपार भेदणारे एक प्रथिन होय. त्याच्या बाहेरील अंगास एक खोबण असते. औषधाचा रेणू तीत बसला की त्याचा नायट्रोजनयुक्त भाग तिसऱ्या खंडाशी आणि दुसरे टोक पाचव्या खंडाशी बांधले जाते. या ओढीमुळे पेशीच्या आतील बाजूस सहावा खंड बाहेर कलतो, तेथे झालेल्या पोकळीत जी-प्रथिन शिरते, पेशीत चक्रीय एएमपी तयार होऊ लागते आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. ग्राही आणि जी-प्रथिन यांच्या या संयोगाची रचना ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २०११ मध्ये उलगडली. पुढच्याच वर्षी त्यांना व रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या औषधाची मर्यादाही येथेच आहे. सैल होतो तो केवळ स्नायू. श्वासनलिकेच्या अस्तरावरील सूज तशीच राहते. परिणाम टिकतो तो चार ते सहा तास. शिवाय ग्राही वारंवार उत्तेजित झाले की पेशी त्यांतील काहींना निष्क्रिय करते, काहींना पटलावरून आत ओढून घेते. सूज उतरविण्याचे काम श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचे. त्याचा गुण तत्काळ जाणवत नाही, म्हणून नेमके तेच औषध रुग्ण सोडून देतात. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ तात्पुरत्या आरामाच्या औषधावर ठेवू नये, असे ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर ॲस्थमा’ या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्टपणे सांगितले, ते यामुळेच.

आपल्याकडे पंपाची ‘सवय लागते’ अशी भीती अनेकांना वाटते. वस्तुतः भीती बाळगायची तर ती आरामालाच उपचार मानण्याच्या सवयीची बाळगावी. आरामाचा पंप पुनःपुन्हा घ्यावा लागत असेल, तर सूज वाढत असल्याची ती सूचना समजावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.