शहर वाढले, रस्ते खुंटले

पुण्याच्या सदाशिव किंवा नारायण पेठेतील एखाद्या बोळात चुकून शिरलेला परगावचा मनुष्य फारसा घाबरत नाही. बोळ अरुंद असतो, वाकडा असतो. पण तो बहुधा दुसऱ्या बोळाला मिळतो, दुसरा तिसऱ्याला, आणि थोड्या भटकंतीनंतर लक्ष्मी रस्ता किंवा टिळक रस्ता समोर येतो. तोच मनुष्य धायरीत अथवा बावधनात एखाद्या आडरस्त्याला लागला, तर पुढे कुंपणाची भिंत, लोखंडी फाटक किंवा ओढा उभा असण्याचीच शक्यता अधिक. आल्या वाटेने परतून मुख्य रस्ता गाठण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. वास्तविक उपनगरातला रस्ता पेठेतल्या बोळाहून कितीतरी रुंद आणि गुळगुळीत असतो. उणीव आहे ती रुंदीची नव्हे, नात्याची.

शहराच्या वाढीची चर्चा आपल्याकडे क्षेत्रफळाच्या भाषेत होते. पुणे महापालिकेच्या हद्दीत 1997 साली 38 गावे घेण्यात आली (त्यांतील काही पुढे वगळली गेली), 2017 साली 11 आणि 2021 साली आणखी 23. त्या वर्षी क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकले आणि काहींना त्याचा अभिमानही वाटला. परंतु शहर किती पसरले याच्याइतकाच ते आतून कितपत सांधले गेले हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका चौकात किती रस्ते मिळतात आणि किती रस्ते पुढे बंद होतात, एवढ्या साध्या मोजणीवरून बॅरिंग्टन-ले आणि मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी अमेरिकेतील शहरांचा शतकभराचा इतिहास 2015 साली मांडला. तेथे रस्त्यांची ही तुटकता 1994 च्या सुमारास शिगेला पोहोचली व नंतर ओसरू लागली. त्याच दोघांनी 2020 साली जगाचा आढावा घेतला तेव्हा मात्र एकंदर कल तुटकतेकडेच असल्याचे दिसून आले.

पुण्यात हे कसे घडले, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते. मुंबई इलाख्याच्या 1915 च्या नगररचना कायद्याने एक शहाणपणाची रीत घालून दिली होती. एका टापूतील सर्व जमीनमालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा आधी वजा करायच्या आणि उरलेली जमीन सुबक आकाराच्या भूखंडांच्या रूपाने मालकांना परत द्यायची. प्रत्येकाची जमीन थोडी घटे, किंमत मात्र वाढे. त्या वाढीतून खर्चाचा काही भाग वसूल होई. भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर, आणि एरंडवणे, येथे ही रीत अमलात आली. त्या भागातील जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट' हे शब्द अजून आढळतात, ते तिचेच अवशेष.

1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने ही तरतूद काढून टाकली नाही. पण व्यवहारात भर पडला तो विकास आराखड्यावर. आराखडा म्हणजे नकाशावर ओढलेल्या रेषा. रेषेखालची जमीन पैसे देऊन वा वाढीव बांधकामाचा हक्क देऊन मिळवायची असते, आणि पालिकेची तिजोरी व मालकाची अपेक्षा यांचा मेळ क्वचितच बसतो. 1987 च्या आराखड्यातील शहरांतर्गत वर्तुळाकार उच्च क्षमता मार्ग आजही कागदावरच आहे.

मोठ्या रस्त्यांची ही गत, तर दोन मोठ्या रस्त्यांमधील लहान रस्त्यांचा वाली कोण? ते काम जमीनमालकांवर सोपविले गेले. येथे अर्थशास्त्रातला जुना पेच उभा राहतो. मालकाला आपल्या भूखंडापर्यंत पोहोचणारा रस्ता हवा असतो. शेजाऱ्याच्या भूखंडाकडे जाणारा रस्ता म्हणजे त्याच्या दृष्टीने विकता न येणारी जमीन. त्या जोडणीचा लाभ हजारोंना होणार, भुर्दंड एकाला. तेव्हा प्रत्येकाने आपला रस्ता हद्दीपाशी थांबविला, यात नवल नाही. शेताच्या बांधांनीच शहराचा नकाशा आखला. गुंठेवारीने त्यावर कळस चढविला. 1,089 चौरस फुटांचा एकेक तुकडा विकणाऱ्याने जेमतेम गाडी शिरेल एवढी वाट सोडली, आणि 2001 च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. घरे नियमित होऊ शकली, पण न सोडलेला रस्ता कोणत्या दाखल्याने निर्माण व्हावा?

परिणाम सिंहगड रस्त्यावर रोज दिसतात. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला खडकवासल्याचा कालवा व टेकड्या. या चिंचोळ्या पट्ट्यात समांतर वाट मिळणे कठीण, म्हणून दूध आणायला निघालेला मनुष्य आणि दूरचा प्रवासी एकाच रांगेत उभे असतात. चांदणी चौकाची कथा निराळी नाही. कोथरूड, बावधन, पाषाण व मुळशीकडची वाहतूक आणि मुंबई-बंगळूर महामार्ग यांची गाठ तेथे पडली, कारण महामार्ग ओलांडण्याच्या जागा मोजक्या होत्या. जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी पाडण्यात आला व ऑगस्ट 2023 मध्ये नवी रचना खुली झाली. चौक मोकळा झाला हे खरे; पण भोवतालच्या गल्ल्या जेथे संपत होत्या तेथेच संपतात.

कुंपणबंद संकुलांचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण ती राहणाऱ्यांना मनापासून आवडतात. हडपसरजवळ मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून नगर वसविले. जमीन न विकता भागीदार होण्याचा तो प्रयोग खरोखर कौतुकास्पद आहे. जमिनी एकत्र येऊ शकतात, हे त्याने सिद्ध केले. मात्र सर्वच वसाहती फाटकांआड गेल्या, तर त्यांच्या मधल्या फटींतूनच शहराला वाट काढावी लागते.

गुजरातने जुनी रीत सोडली नाही. अहमदाबादचा सरदार पटेल वर्तुळमार्ग उभा राहिला तो बऱ्याच अंशी नगररचना योजनांच्या आधारे, आणि त्याच योजनांतून आतले लहान रस्तेही आखले गेले. महाराष्ट्रातही म्हाळुंगे-माण परिसरात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने अशी योजना हाती घेतली. शहराच्या काठावर ज्या गावांत अजून ऊस व भाजीपाला पिकतो, तेथे हा मार्ग स्वस्त आहे; जेथे एकदा इमारतीचे जोते उठले, तेथे नऊ मीटरचा रस्ता काढायला भिंती पाडाव्या लागतात, आणि प्रत्येक भिंतीमागे कर्जाचे हप्ते फेडणारे एक कुटुंब असते.