बेंबीखालचा चट्टा

दुबईतल्या देऱ्यात उन्हाळा तापला की आमच्या फार्मसीत एक तक्रार हमखास येते. गिऱ्हाईक शर्ट जरासा वर करून बेंबीखालचा लाल, खरबरीत चट्टा दाखवतं आणि म्हणतं, "मॅडम, गजकर्णाचं मलम द्या." मी आधी पट्टा बघते. बक्कल आणि चट्टा नेमके एकाच जागी असले की संशय निकेलवर जातो. स्वस्त बकलांत आणि खोट्या दागिन्यांत निकेल असतो, आणि खारट घामात त्याचे आयन सुटतात. जवळच्या गोल्ड सूकमधलं बावीस कॅरेटचं सोनं सहसा असा त्रास देत नाही.

सूज मात्र आणतात आपल्याच पेशी. त्वचेतल्या काही पेशींवर टीएलआर-4 नावाचं प्रथिन असतं. त्याचं खरं काम जंतू ओळखण्याचं. निकेल माणसाच्या या प्रथिनाला थेट चिकटतो, हे जर्मन संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. उंदराच्या प्रथिनात चिकटायची ती जागाच नसते, म्हणून उंदराला निकेल सहजी बाधत नाही.

पुढची सूत्रं एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाकडे असतात. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते 1986 मध्ये जगापुढे आणलं. एरवी आयकप्पाबी नावाचं दुसरं प्रथिन त्याला जखडून ठेवतं, खाडीच्या धक्क्याला गलबत बांधावं तसं. इशारा मिळाला की आयकप्पाबी नष्ट होतं. सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-8 अशी दाहक रसायनं तयार होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. लाली, सूज, खाज सुरू होते.

याच जनुकांत आयकप्पाबीचंही एक असतं, म्हणजे हुकूम सुटतानाच त्याला आवर घालायची सोयही होते. पण बक्कल रोज पोटाला घासत राहिलं तर तो आवर पुरत नाही. शिवाय टी-पेशींनी निकेल एकदा ओळखला की ती ओळख वर्षानुवर्षं टिकते. पुढच्या वेळी त्यांच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशीही दाहक रसायनं सोडू लागतात.

स्टेरॉइडचं मलम एनएफ-कप्पा-बीलाच अडवतं, म्हणून लवकर आराम पडतो आणि लोक ट्यूबवर ट्यूब संपवतात. त्यानं कातडी पातळ होते. खरंच गजकर्ण असेल तर ते आणखी पसरतं. म्हणून चट्टा नेमका कशाचा, हे डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मी सांगते.

बकलाची परीक्षा मात्र सोपी. डायमिथाइलग्लायॉक्झिमचा थेंब घेतलेला कापूस त्यावर घासायचा. गुलाबी झाला तर निकेल सुटतोय. मग बक्कल प्लास्टिकचं घ्या. तोवर बनियन पँटमध्ये नीट खोचा, आणि घामानं भिजलं की बदला.